दोन बॅटऱ्यांचं घर

अफीफेच्या घरात दोन बॅटऱ्या होत्या. एक गच्चीवर, लोखंडी कपाटात कुलूपबंद. दुसरी तिच्या नवऱ्याच्या, मिल्हेमच्या, डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत. गच्चीवरचीवर दिवे, फ्रिज आणि इंटरनेट चालायचं आणि कातडीखालचीवर मिल्हेम चालायचा.

दोन्हींवर दुरून कुणाचं तरी लक्ष असे. गच्चीवरचीवर त्रिपोलीतल्या सोलार कंपनीचं. तिथली जुमाना नावाची मुलगी आपल्या खुर्चीत बसून अफीफेच्या घरात काय चाललंय ते बघायची आणि फोन करायची, "खाला, इस्त्री आणि वॉशिंग मशीन एकदम लावलंत ना?" अफीफे खिडकीतून वर मान करून म्हणायची, "ही पोरगी काय आमच्या छपरावर बसलीय का?" मिल्हेमच्या छातीतल्या पेसमेकरवर बैरूतच्या हॉस्पिटलाचं लक्ष. पलंगाशेजारच्या टेबलावर एक पांढरा डबा होता. मिल्हेम झोपला की तो डबा त्याच्या हृदयाची खबर काढून हॉस्पिटलात पोचवायचा. डबा कधी वाजत नसे, त्याचा दिवाही मिणमिणता, म्हणून अफीफेने त्याच्यावर विणलेला रुमाल घातला होता आणि वर मरियमची तसबीर ठेवली होती. अफीफेच्या मते ही दोन्हीकडची मंडळी उंटावरून शेळ्या हाकणारी. घरात येऊन एक कप कॉफी प्यायची नाही आणि घरातलं सगळं त्यांना ठाऊक.

तसं पाहिलं तर आमच्या कूरा भागातल्या गावांत पेसमेकर म्हणायला कुणाची जीभ वळतच नाही. बॅटरीच म्हणतात. सरकारी वीज रुसल्यापासून गच्च्यांवरही बॅटऱ्या आल्या, त्यामुळे अमक्याने बॅटरी बसवली असं कुणी सांगितलं, तर छातीत की छपरावर हे सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं. तोंड उतरलेलं असेल तर छातीत.

मिल्हेम हा त्रिपोलीच्या बंदरातला निवृत्त कारकून. उभा जन्म दुसऱ्यांचा माल तपासण्यात गेला, घरात मात्र तो काही तपासत नसे. पडदे कोणते लावायचे, मुलाचं नाव काय ठेवायचं, त्या मुलाला, जादला, मॉन्ट्रियलला जाऊ द्यायचं की नाही, सगळं अफीफेने ठरवलं. गावच्या रीतीने ती उम्म जाद, जादची आई, आणि तो अबू जाद, जादचा बाप. तो म्हणायचा, "उम्म जाद म्हणाली ना? मग झालं." गावातल्या बायका अफीफेचा हेवा करत. अफीफेलाही वाटायचं, असा नवरा मिळायला नशीब लागतं. पण खरं सांगायचं तर कधीकधी तिला या माणसाचा राग यायचा. अरे, एकदा तरी नाही म्हण.

फोन आला तेव्हा ती मकदूस, तेलात मुरवायची भरली वांगी, करत होती. सप्टेंबर महिना, वांग्यांचा हंगाम. उकडून दाबलेली छोटी वांगी परातीत होती, अक्रोड आणि लाल मिरचीचं सारण वाडग्यात होतं आणि अफीफेचे दोन्ही हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले. तिने नाकाने फोन स्पीकरवर घेतला.

"उम्म जाद ना? खाला, मी रूला बोलतेय, मॉनिटरिंगमधून. अबू जादचा मोबाइल लागत नाहीये."

"त्याचा मोबाइल कधी लागतो? जैतुणीच्या झाडाखाली विसरला असेल. बोल तू."

"इथे स्क्रीनवर दिसतंय, बॅटरी संपत आलीय."

अफीफेने हातातलं वांगं परातीत टाकलं. ही कंपनीतली नवी पोरगी दिसते, जुमानाच्या जागी आलेली. तिला वाटलं ते एवढंच. दुसरं काही वाटायला जागाच नव्हती, कारण हॉस्पिटलवाले नेहमी मिल्हेमशी बोलायचे आणि कंपनीवाले नेहमी तिच्याशी.

"संपत आली म्हणजे? दहा वर्षं बघावं लागणार नाही असं तुमचा माणूस छातीवर हात ठेवून सांगून गेला होता."

"दहा म्हणजे साधारण, खाला. वापरावर असतं ते. तुमच्याकडे सगळा भार तिच्यावरच आहे. मूळची वीज अजिबात येत नाहीये, मी आत्ताच बघितलं."

"मूळची वीज!" अफीफे म्हणाली. "ती कुणाकडे येते, बाई? ती आली तर आम्ही घंटा वाजवू."

 रूला समजावणीच्या सुरात म्हणाली, "घाबरू नका. लगेच बंद पडत नाही. काही आठवडे आहेत हातात. पण बदलायला हवी. कधी घेऊन येता?"

"मी घेऊन येऊ? जिन्यावरून? कंबर मोडायचीय का माझी?"

"जिना उतरायला त्रास होत असेल तर गाडी पाठवू आम्ही. उचलून आणायला दोन माणसं देऊ."

"म्हणजे दोन दिवस घर अंधारात."

"एकाच दिवसाचं काम असतं, खाला. दुसऱ्या दिवशी घरी."

आता अफीफेचं डोकं तापलं. वांगी सुकत चालली होती. शिवाय हे सोलार जादने पाठवलेलं. तो पोरगा लांब बसून आईबापाची काळजी वस्तू पाठवून करायचा, आणि पाठवलेली वस्तू बिघडली की त्याला अपराध्यासारखं व्हायचं. फोनवर त्याचा आवाज बारीक होतो, आणि तो बारीक आवाज अफीफेला सोसत नाही.

"हे बघ पोरी," ती म्हणाली, "चालतेय तोवर चालू दे. बंद पडली की बघू."

"बंद पडल्यावर बघून उपयोग नसतो, खाला."

"आणि या वयात नवीन घालून तरी काय उजेड पडणारेय? पहिल्या दिवसापासून कुरकुर. त्यापेक्षा मेणबत्तीवर सुखात होतो आम्ही."

 रूला हळू आवाजात म्हणाली, "हा तुमचा नक्की निर्णय आहे का?"

"या घरात दुसरं कोण ठरवतं? अबू जादला विचार हवं तर. तोही हेच सांगेल," असं म्हणून अफीफेने फोन पुन्हा नाकानेच बंद केला आणि नाकाला लागलेलं तेल दंडाला पुसलं.

असा ध चा मा झाला. बैरूतच्या हॉस्पिटलातली ती बिचारी रूला हातात फोन धरून बसली असेल, आणि आमची अफीफे सारण भरलेली वांगी बरणीत रचत होती.

तिने मिल्हेमला या फोनचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने जादला सांगितलं असतं, आणि मग तो बारीक आवाज. दुसऱ्या दिवशी तोच नंबर पुन्हा आला, तेव्हा तिने जादने शिकवलेलं कौशल्य वापरलं आणि तो नंबर कायमचा अडवून टाकला. एवढं जमलं म्हणून तिला स्वतःचं कौतुकही वाटलं.

त्याच संध्याकाळी मिल्हेमचा मोबाइल खरंच जैतुणीच्या झाडाखाली सापडला. तो गॅलरीत बसून कुणाशी तरी बोलत होता. अफीफेला स्वयंपाकघरातून तुटक तुटक ऐकू आलं. "हो, ऐकतोय... ती असं म्हणाली?... असंच म्हणाली?"  मग, "उम्म जाद म्हणाली ना? मग झालं."

जादचा असेल, असं तिला वाटलं. मसूरभात वाढताना तिने विचारलंही, "काय म्हणत होता?"

"कोण?"

"जाद."

मिल्हेमने तिच्याकडे पाहिलं. "बरा आहे," तो म्हणाला आणि ताटावर वाकला.

त्या दिवसापासून अफीफेला आपला नवरा कळेनासा झाला.

पहिली गोष्ट म्हणजे तो तिला अफीफे म्हणायला लागला. जाद जन्मल्यापासून ती उम्म जाद होती आणि तो अबू जाद. अफीफे हे नाव तिची आई गेल्यावर घरात कुणी उच्चारलेलं नव्हतं. "अफीफे, मीठ दे." "अफीफे, पाय दुखतात का तुझे?" तिला दर वेळी वाटायचं, घरात कुणी परकी बाई आलीय आणि हा तिच्याशी बोलतोय.

दुसरी गोष्ट म्हणजे तो तिला शिकवायला लागला. हात धरून गच्चीवर नेलं. जिन्यात मध्येच बसला, धापा टाकल्या, ओठ जरा निळसर झाल्यासारखे वाटले तिला. म्हणाला, "ऊन आहे." ऊन कसलं, आभाळ भरलेलं होतं. वर गेल्यावर त्याने लोखंडी कपाट उघडलं आणि म्हणाला, "हा खटका खाली केलास की सगळं बंद होतं. आधी हा, मग तो. म्हणून दाखव."

"मला कशाला? तू आहेस ना."

"म्हणून दाखव, अफीफे."

तिने म्हणून दाखवलं. तो समाधानाने हसला.

मग त्याने तावलेचा, सोंगट्या-फाशांच्या खेळाचा, पट शेजारच्या तानियूसला देऊन टाकला. शिसवी लाकडाचा, शिंपल्यांची नक्षी असलेला, त्याच्या बापाचा पट. तानियूस गोंधळून दारात उभा. "वहिनी, हा घ्यायचा का मी? हा शुद्धीवर आहे ना?" अफीफे काय सांगणार, कप्पाळ. तिलाच कळत नव्हतं.

तिने नाना तर्क केले. आधी वाटलं, याने काहीतरी गुन्हा केलाय आणि आता लाडीगोडी लावतोय. पण गुन्हा करायलाही थोडा उत्साह लागतो, आणि हा तर भाकरीचा तुकडा मोडतानाही दमत होता. मग तिने पक्कं ठरवलं की हे जादचं कारस्थान. जादने दोघांना मॉन्ट्रियलला न्यायचा घाट घातलाय, याने आतून होकार दिलाय आणि आता घर आवरतोय. पट दिला, खटके शिकवले, कारण घर भाड्याने द्यायचं असेल. दमतोय तो दुःखाने. गाव सोडायचं दुःख.

पण मग ती रडायची ते कशासाठी? भांडी घासताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तिला कारणही सापडायचं नाही. मॉन्ट्रियलला नेणार असतील तर भांडायला हवं होतं. रडू कसलं येतंय? तिचा स्वतःवरचाही विश्वास उडत चालला.

जादला फोन करून तिने उलटतपासणी घेतली. "तुझ्या बापाला काय सांगितलंस तू?"

"मी? काहीच नाही, ममा. गेल्या महिन्यानंतर आमचं बोलणंच नाही झालं. मी केला तर घेत नाही फोन."

"खोटं बोलू नकोस."

"ममा, मी खोटं कशाला बोलू? सोलार नीट चाललंय ना?"

आणि त्याचा आवाज बारीक झाला. अफीफेने घाईघाईने "झकास, झकास" म्हणत फोन ठेवला. आता तर काहीच जुळेना. फोन जादचा नव्हता, तर मग गॅलरीत तो कुणाशी बोलत होता? घरात बाई ठरवते म्हणतात, आणि तिला घरात काय चाललंय याचा पत्ता नव्हता.

गाठ सुटायला सुरुवात झाली ती जुमानामुळे, आणि तीही उलटी.

जुमानाचा फोन आला. "खाला, पॅनेलवर धूळ बसलीय. फडकं मारून घ्या."

अफीफे तिच्यावर तुटून पडली. "तू आहेस होय अजून? मला वाटलं गेलीस. तुमची ती नवी पोरगी बॅटरी संपली म्हणते, तुम्ही धूळ पुसा म्हणता. एक काय ते ठरवा ना. संपलेल्या बॅटरीला धूळ पुसून काय करू, न्हाऊ घालू?"

"कोणती नवी पोरगी?"

"रूला."

"आमच्याकडे रूला नाही कुणी, खाला."

"अगं, मॉनिटरिंगमधून म्हणाली. मूळची वीज येत नाही म्हणाली. दोन माणसं पाठवते, उचलून नेते म्हणाली."

पलीकडे कीबोर्डचा आवाज आला. "तुमची बॅटरी माझ्यासमोर आहे, खाला. ठणठणीत आहे. अजून कितीतरी वर्षं बघायला नको. आणि ऐका, त्या बाईला घरात घेऊ नका. फोन करून बॅटऱ्या पळवणारे चोर सुटलेत सगळीकडे. मी तुमच्या आधी दोघांकडून ऐकलंय."

चोर. अफीफेचा जीव भांड्यात पडला आणि लगेच अंगात वीरश्री संचारली. म्हणजे आपण चोराला पळवून लावलं होतं. तेही वांगी भरता भरता. असली गोष्ट पोटात ठेवणं कुणाला जमेल? ती तशीच गॅलरीत गेली. मिल्हेम आरामखुर्चीत बसून खालच्या जैतुणींकडे बघत होता. मांडीवर गोधडी होती, या उकाड्याच्या दिवसांत.

"ऐक, ऐक. तुला एक गंमत सांगते. त्या दिवशी एक फोन आला होता. म्हणे तुमची बॅटरी संपत आलीय, बदला. मी म्हटलं, चालतेय तोवर चालू दे, बंद पडली की बघू."

"माहितेय मला," मिल्हेम म्हणाला.

"तुला कसं माहीत?"

"रूलाने सांगितलं."

अफीफे कठड्याला टेकली. चोरांची टोळी नवऱ्यापर्यंत पोचली होती. "तू बोललास तिच्याशी? अरे देवा, काय सांगितलंस? किल्ली कुठे असते ते नाही ना सांगितलंस?"

"कसली किल्ली?"

"कपाटाची."

"रूलाला कपाटाची किल्ली काय करायचीय, अफीफे? ती डॉक्टरांच्या हाताखाली आहे. माझ्या छातीचे आलेख तीच बघते. केवढी वर्षं ओळखतोय मी तिला." तो थांबला, श्वास घेतला. "चांगली पोरगी आहे. मला सांगताना रडत होती. काकाला सांगावं तसं म्हणाली, अम्मो, खाला असं म्हणाल्या, पण निर्णय तुमचा आहे. मी म्हटलं, उम्म जाद म्हणाली ना, मग झालं."

अफीफे उभी होती तिथेच उभी राहिली. कान ऐकत होते आणि डोकं मागे राहिलं होतं.

"कोणती बॅटरी?" तिने विचारलं.

मिल्हेमने गोधडीखालून हात काढला आणि डाव्या खांद्याखाली ठेवला.

"मी गच्चीवरचीबद्दल बोलत होते," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला.

"गच्चीवरची," ती पुन्हा म्हणाली.  "जादने पाठवलेली. मला वाटलं, कंपनीतली पोरगी आहे. मिल्हेम, मी दिव्यांचं बोलत होते. फ्रिजचं."

"मेणबत्तीवर सुखात होतो म्हणालीस ना?"

"दिवे गेल्यावर लावतात त्या मेणबत्त्या!"

"रूलाला वाटलं, चर्चमधल्या. नवस वगैरे. मलाही तेच वाटलं. म्हटलं, हिने आता माझं देवावर सोडलेलं दिसतंय."

आमच्याकडच्या बायका माया दाटून आली की समोरच्याला म्हणतात, तूच मला मूठमाती दे. म्हणजे तुझ्याआधी मी जावं, तुझ्यावाचून मला राहायला लागू नये. मुलाला म्हणतात, नवऱ्याला म्हणतात, फार लाडात आल्या तर मांजरालाही म्हणतात. अफीफे तर दिवसातून कितीदा म्हणायची. म्हणून मिल्हेम पुढे जे बोलला ते तिच्या काळजात घुसलं.

"लग्न झाल्यापासून मला म्हणत आलीस, तूच मला मूठमाती दे. मला वाटलं, विचार बदलला असेल. माणूस थकतो."

अफीफेने त्याला मारलं. खरंच मारलं, गोधडीवरून, दंडावर, उघड्या पंजाने, आणि लगेच हात मागे घेतला, कारण तो दंड डावा होता. मग ती खाली बसली आणि त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडायला लागली. या वेळी कारण ठाऊक होतं, पण त्याने काही सोपं झालं नाही. तो खुर्चीत बसून मरणाची वाट बघत होता आणि आपण याला मॉन्ट्रियलचं दुःख समजत होतो. ओठ निळे पडलेले दिसले होते. जिन्यात बसलेला दिसला होता. बैरूतमध्ये बसलेल्या परक्या पोरीला हे सगळं दिसत होतं आणि एका पलंगावर झोपणाऱ्या बाईला नाही.

अडवलेला नंबर पुन्हा उघडायचा कसा, हे काही जादने तिला शिकवलं नव्हतं. तिने मिल्हेमचा मोबाइल घेतला. रूलाने पहिल्याच घंटेला उचलला.

"अम्मो?"

"मी त्याची बायको. मला काय म्हणायचं ते म्हण, पण नंतर. तो दमतोय. ओठ निळे दिसतात. मला सोलारवाले वाटलात तुम्ही."

"कोण वाटलो?"

"सोलारवाले. छपरावरचे. अगं, आमच्याकडे छपरावरही बॅटरी आहे."

 पलीकडे रूलाने एक मोठा श्वास सोडल्याचं ऐकू आलं. ती रागावली की हसली की रडली, कळलं नाही. "खाला," ती म्हणाली, "बॅटरी शेवटाला आली की ते यंत्र स्वतःच हळू चालायला लागतं, जीव वाचवून. त्यांच्या हृदयाची मूळची वीज येतच नाही, म्हणून दमतायत ते. आजच घेऊन या. जिन्याचं काय?"

"जिना मी उतरवते."

तानियूसने गाडी काढली. निघताना पट परत आणून मागच्या सीटवर ठेवू लागला, तेव्हा अफीफे त्याच्यावर ओरडली की आता याची काय गरज, आणि तानियूस बिचारा पट घेऊन पुन्हा घरात पळाला. समुद्राच्या कडेने गाडी लागली, तशी अफीफेची जीभ सुटली. घाबरली की ती भांडते, हे गावाला ठाऊक आहे.

"एकदा विचारायला काय झालं होतं? इतके दिवस एका ताटात जेवतोय आपण. अगं, असं का म्हणालीस, एवढंच विचारायचं होतंस. तोंड शिवलं होतं का?"

मिल्हेम खिडकीतून बाहेर बघत होता.

"घरातलं तू ठरवतेस," तो म्हणाला.

"पडदे ठरवते मी. पडदे! तू जगायचं की नाही हे मी ठरवायचं?"

तानियूसने गाडीचा वेग उगीचच कमी केला.  वाटेतला बोगदा मागे टाकल्यावर मिल्हेम खिडकीकडे बघतच म्हणाला, "विचारलं असतं, आणि तू हो म्हणाली असतीस, तर मग मी काय केलं असतं?"

 बैरूत येईपर्यंत अफीफे गप्प होती, आणि हे तिच्या बाबतीत कुणी कधी पाहिलेलं नाही.

हॉस्पिटलात त्याला लगेच आत घेतलं, तारा लावल्या, पडद्यावर रेघा धावायला लागल्या. रूला आली. अफीफेने मनात उंच, लिपस्टिकवाली पोरगी उभी केली होती. ही ठेंगणी होती, चष्मा होता आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. रूलाने हात पुढे केला आणि अफीफेने तिला सरळ मिठीत घेतलं, कारण बोलायची दोघींचीही सोय नव्हती.

मग डॉक्टरीणबाई आल्या. वयाने मोठ्या, आवाज कोरडा. त्यांनी सगळा घोळ ऐकला होता, तरी चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्या मिल्हेमच्या पलंगाशी उभ्या राहिल्या.

"अबू जाद, काम छोटं आहे. जुनी काढायची, नवी ठेवायची. उद्या घरी. पण तुम्ही एकदा रूलाला नको म्हणालात. खाला काय म्हणाल्या ते सोडा, त्या छपराबद्दल बोलत होत्या. तुम्ही कशाबद्दल बोलताय ते तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. बदलायची?"

 हे अफीफेच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिची चूक होती, पण त्याचा होकार तर खरा होता. त्याने खरोखर खटके शिकवले होते, खरोखर पट देऊन टाकला होता. हा माणूस मनाने उठून गेला असेल आणि इथे फक्त आपल्या रडण्यापायी आला असेल, तर?

मिल्हेमने सवयीने तिच्याकडे पाहिलं.

हो, हो, बदला, हे शब्द तिच्या दातांपर्यंत आले होते. तिने ओठ घट्ट मिटले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागली. पडद्यावरच्या रेघा चालल्या होत्या. रूला खाली बघत होती.

"तू नाही सांगत?" मिल्हेमने विचारलं.

तिने मान हलवली. नाही.

"का?"

"माझ्या सांगण्याने काय होतं ते बघितलं आपण."

तो विचार करत राहिला. घाई न करता, बंदरात बसून एखादी पेटी उघडायची की नाही ठरवायचा, तसा. अफीफेला वाटलं, याचं उत्तर यायच्या आत माझंच काळीज बंद पडणार. ती मनातल्या मनात सगळ्या संतांची नावं घेऊ लागली आणि भीतीने त्यांतली दोन पुन्हा पुन्हा आली.

"बदला," मिल्हेम म्हणाला. मग डॉक्टरीणबाईंकडे वळून, तक्रार सांगावी तसा म्हणाला, "हिच्या हातात फोन सोडून जाण्यात अर्थ नाही."

रूला हसली, तानियूस दारात हसला, डॉक्टरीणबाईंच्याही ओठांचा कोपरा हलला. अफीफे हसली नाही. तिने त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला, इतका घट्ट की त्याने तोंड वाकडं केलं.

"ऐकलंत ना?" ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "त्याने सांगितलं. मी एक शब्द बोलले नाही."